व्हिडिओ नेमका कुठे थांबवायचा: दुशिक्षकी शाळेतल्या टीव्ही आणि टॅबविषयी

प्रश्न असा आहे: पहिली ते पाचवीची दुशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, पट ४१. ग्रामपंचायतीने ४३ इंची स्मार्ट टीव्ही आणि चार टॅब दिले. सहा महिने रोज वापर चालू आहे, मुले आवडीने पाहतात, पण चाचणीत फरक दिसत नाही. तर कोणते ॲप घ्यावे, दिवसातून किती वेळ द्यावा आणि ज्ञानरचनावादासारख्या (मूल स्वतः हाताळून, बोलून आपले ज्ञान रचते असे मानणाऱ्या) नव्या पद्धतींशी याची सांगड कशी घालावी?

ताई, चाचणीत फरक दिसत नाही हे तुम्ही स्वतःहून लिहिलेत, ते मला फार मोलाचे वाटते. शाळा डिजिटल झाल्याचे फलक लागले की हे बोलायला कोणी धजावत नाही. मी सव्वीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवतो आहे आणि त्यांतली सोळा वर्षे दुशिक्षकी शाळांत गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की ॲपचा प्रश्न आपण शेवटी घेऊ. त्याआधी हे ठरवायला हवे, की या यंत्रांकडून आपल्याला कोणते काम करून घ्यायचे आहे. माझे मत असे झाले आहे, की मुलांना काही दाखवणे हा पडद्याचा दुय्यम उपयोग आहे. मुलाच्या डोक्यात काय चालले आहे ते शिक्षकाला दिसावे, ऐकू यावे, हा त्याचा पहिला उपयोग आहे, आणि आपण बहुतेक जण नेमका तोच करत नाही.

मला हे कळले ते अंकवाचनातून. २०१६ साली आमच्या शाळेत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला. मी दुसरी-तिसरीला संख्यांचे एक सुंदर गाणे महिनाभर रोज दाखवले. मुले शंभरपर्यंत तालावर म्हणू लागली, पालक खूश झाले. मग मी पाटीवर ‘सत्तावीस’ लिहायला सांगितले, तेव्हा निम्म्या पाट्यांवर ७२ आले. कारण आपल्या भाषेतच आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी येतो आणि सात नंतर. गाण्याने मुलांचे म्हणणे पक्के केले होते, पण म्हणणे आणि लिहिणे यांच्या मधला हा उलटा दुवा गाण्यात कुठेच नव्हता.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ यांच्या जोडीने ‘वीस एक, वीस दोन’ अशी मांडणी दिली, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी संख्यानामांतली जोडाक्षरे आणि अंकांचा उलटा क्रम लहान मुलांना कसा अडखळवतो, हे तेव्हा शांतपणे समजावून सांगितले होते. वर्गात रोज पाट्या तपासणाऱ्याला ते म्हणणे पटवून द्यावे लागत नाही. मी आजही दुसरीत ‘सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात’ असे दोन्ही बोलून घेतो आणि पारंपरिक नाव सोडत नाही, कारण बाजारात आणि घरात मुलाला तेच लागणार आहे.

यानंतर मी प्रोजेक्टर बाजूला ठेवला आणि फोनवर मुलांचे वाचन ध्वनिमुद्रित करू लागलो. वीस संख्याकार्डे, एक मूल, दोन-तीन मिनिटे. रात्री घरी निवांत ऐकायचे. तिसरीतली एक मुलगी ४९ ला ‘एकोणचाळीस’ म्हणत होती, ६९ ला ‘एकोणसाठ’ आणि ३९ ला ‘एकोणतीस’. वर्गाच्या गडबडीत मी तिला तीनदा ‘चूक, नीट बघ’ असे म्हटले होते. सलग ऐकल्यावर लक्षात आले, की ती अगदी नीट बघत होती. ४७ मध्ये चार आहे म्हणून ‘सत्तेचाळीस’, ४८ मध्ये चार आहे म्हणून ‘अठ्ठेचाळीस’, तर ४९ हा ‘एकोणचाळीस’ का नको? तिने स्वतःचा एक नियम बांधला होता आणि तो ती काटेकोरपणे पाळत होती. दुसऱ्या दिवशी शंभर मण्यांच्या माळेवर आम्ही पन्नासाव्या मण्यापाशी गेलो आणि एक मणी मागे सरकलो. ‘एकोण’ म्हणजे एक उणा, कुणापेक्षा उणा, तर पुढे येणाऱ्या पन्नासापेक्षा. मग तीच म्हणाली, “म्हणजे हे नाव पुढच्या घराचं आहे.” तिच्या या वाक्यावर मी नंतर कित्येक तुकड्यांना एकोणतीस ते एकोणनव्वद शिकवले. (नव्व्याण्णव मात्र या घरात राहत नाही, हे मुले स्वतःच शोधून काढतात आणि त्यांना त्याचा फार आनंद होतो.)

यात तंत्रज्ञान किती वापरले? साध्या फोनचा ध्वनिमुद्रक. तरीही महिनाभराच्या गाण्याने जे झाले नाही ते यातून झाले, कारण मुलीचा विचार माझ्यापर्यंत पोहोचला. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की पुढचे दोन आठवडे टीव्हीपेक्षा हेच काम करा. रोज चार मुले धरली, तर एकेचाळीस जणांचे वाचन अकरा दिवसांत हाती येते. पहिली-दुसरीसाठी अक्षरे आणि शब्द घ्या, तिसरीच्या पुढे एक परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट याच पायऱ्यांनी वाचन तपासतात आणि ते साधन कोणत्याही शिक्षकाला सहज वापरता येते. मुलांना समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे यासाठीच्या निपुण भारत अभियानाची तिसरीअखेरची उद्दिष्टे तुमच्या भिंतीवर लागलेली असतीलच, पण आपले मूल त्यांपासून किती दूर आहे ते भिंतीकडे पाहून कळत नाही.

आता टीव्हीकडे येतो. व्हिडिओ सलग चालू ठेवला, की मुले गप्प बसतात आणि आपल्याला ती शिकत आहेत असे वाटते. मी आता कोणताही व्हिडिओ घरी आधी दोनदा पाहतो. सहा मिनिटांचा असेल तर त्यातला दीड-दोन मिनिटांचा भाग निवडतो आणि तो नेमका कुठे थांबवायचा हे टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, लिहून ठेवतो. थांबवायची जागा ती, जिथे पुढे काय होणार याविषयी मुलांची दोन मते होऊ शकतात. तिथे थांबून प्रत्येकाने पाटीवर उत्तर लिहायचे, पाटी छातीशी उलटी धरायची आणि मी ‘तीन’ म्हटले की एकदम वर करायची. एकदम, हे महत्त्वाचे. नाहीतर सगळे जण हुशार मुलाच्या पाटीकडे बघून लिहितात. मग बाजूच्याशी दोन मिनिटे बोलायचे आणि मत बदलले असेल तर पुसून पुन्हा लिहायचे. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांसाठी हीच रीत बसवली. आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर. तिथे उत्तरे घ्यायला विजेवर चालणारी बटणे आली, आपल्याकडे पाटी आहे, आणि पाटी चार्ज करावी लागत नाही. पुढे हवे तर प्लिकर्सची कागदी कार्डे करून पाहा. प्रत्येक मुलाकडे एक छापील कार्ड असते, ते ज्या बाजूने उभे धरावे तसे उत्तर बदलते आणि शिक्षकाचा एकच फोन साऱ्या वर्गाची उत्तरे कॅमेऱ्याने टिपतो. लाजरी मुले यात मोकळी होतात, कारण आपले उत्तर शेजाऱ्याला कळत नाही. पण पाटीची सवय आधी लागू द्या.

फोनचा कॅमेरा पुरावा म्हणून वापरता येतो, याचे एक उदाहरण सविस्तर देतो, कारण माझ्या मते वर्गातल्या तंत्रज्ञानाचा याहून चांगला वापर मी पाहिलेला नाही. पाचवीच्या मुलांपुढे सारख्या आकाराच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या ठेवल्या, एक पाण्याने पूर्ण भरलेली, दुसरी अर्धी. वर्गातल्या सर्वांत उंच मुलाने स्टुलावर उभे राहून दोन्ही एकाच वेळी सोडायच्या. आधी कुठली पडेल? सगळ्या पाट्यांवर ‘भरलेली’. सोडल्या, आणि बहुतेकांनी शपथेवर सांगितले, की भरलेलीच आधी पडली. दोन मुली म्हणाल्या, एकदमच पडल्या. माणूस जे मानतो तेच त्याला दिसते, आणि डोळ्यांच्या वेगाने हा वाद मिटणारा नव्हता. मग फोन खिडकीत टेकवून संथगती चित्रण केले आणि टीव्हीवर लावले. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी, जोडीने खाली येताना दिसल्या. वर्गात क्षणभर शांतता झाली आणि मग “सर, परत!” असा गलका झाला. सहा वेळा सोडल्या, तीन मुलांनी आळीपाळीने चित्रण केले. एकाचा हात आधी सुटला होता तेही चित्रणात पकडले गेले, आणि ‘प्रयोग नीट झाला नाही’ हे त्याला माझ्याऐवजी त्याच्याच मित्रांनी दाखवून दिले. या तासाला मी गुरुत्वाकर्षण हा शब्दही उच्चारला नाही. तयार व्हिडिओत हेच दृश्य कितीतरी देखणे मिळाले असते, पण ते दुसऱ्याच्या बाटल्यांचे असते आणि मुलांनी ते एक जादू म्हणून पाहिले असते.

यातून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. जे अंगणात, शेतात किंवा बादलीत करता येते ते पडद्यावर आधी दाखवायचे नाही. मटकीला मोड येताना वर्गात बघायचे, रोज चित्र काढायचे, आणि आठवड्यानंतर अंकुरण्याचे वेगवान चित्रण दाखवायचे, म्हणजे मुले आपल्या चित्रांशी ते ताडून पाहतात. समुद्र न पाहिलेल्या मुलाला भरती-ओहोटी, धडधडणारे हृदय, चंद्रावरून दिसणारी पृथ्वी, हे मात्र पडद्याचेच काम आहे आणि तिथे काटकसर करू नये.

टॅबचा खरा फायदा दुशिक्षकी शाळेत होतो, कारण आपण एका गटाजवळ बसलो की उरलेल्या वर्गांचे काय करायचे हीच आपली रोजची अडचण असते. एका टॅबवर दोनच मुले बसवा. एकच असेल तर ते हरवून जाते, चार असतील तर एक जण खेळतो आणि तिघे बघतात. सोबत कागद-पेन्सिल द्या, आणि टॅबवरच्या कामातून कागदावर काहीतरी उतरले पाहिजे अशी अट ठेवा, मग ते अडलेल्या शब्दांची यादी असो की सोडवलेले उदाहरण. वाचनासाठी गुगलचे ‘रीड अलाँग’ ॲप मराठीत उपलब्ध आहे. ते मुलाचे वाचन ऐकते आणि गोष्टी उतरवून घेतल्या की नेटशिवाय चालते. त्याचा मला उपयोग झाला, परंतु एक सावधगिरी सांगतो. घरी ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘फळा’ला ‘फला’ म्हणणाऱ्या मुलांना यंत्र कधी अडवते आणि कधी चुकीचे वाचनही चालवून घेते. मुलाला वाचता येते की नाही हा निर्णय म्हणून यंत्राच्या चांदण्यांवर सोडू नका, तो तुमच्या कानाने करा. चार्जिंग, पुसणे आणि मोजून कपाटात ठेवणे ही कामे बालमंत्रिमंडळाकडे द्या. आमच्याकडे चौथीची मुले हे माझ्याहून चोख करतात.

नव्या पद्धतींविषयी तुम्ही विचारले आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. मीही गेलो होतो. तिथे ज्ञानरचनावादी पद्धतीने मुले गटात बसून, वस्तू हाताळत, एकमेकांना विचारत शिकत होती आणि शिक्षक खाली मुलांत बसलेले होते. परत आल्यावर आपल्यापैकी अनेकांनी आधी फरशा रंगवल्या. संख्यांचे तक्ते, अक्षरांची वर्तुळे, बाराखडीची चाके, सगळे फरशीवर आले. रंग दोन पावसाळ्यांत पुसट झाले, आणि ज्या शाळांत शिक्षक खाली बसायला शिकले नव्हते तिथे पद्धतही रंगाबरोबरच गेली. आज टीव्हीच्या बाबतीत तसेच होताना दिसते, म्हणून हे मी पोटतिडकीने लिहितो आहे.

दुशिक्षकी शाळेला सर्वांत जास्त लागू पडणारी पद्धत माझ्या अनुभवात स्तरनिहाय गटांची आहे. दिवसातून एक तास इयत्ता विसरायची आणि वाचनाच्या पायरीप्रमाणे मुले बसवायची. चौथीतला एखादा मुलगा शब्दांवरच अडला असेल तर तो त्या तासाला शब्दांच्या गटात बसेल, आणि दुसरीतली एखादी मुलगी गोष्टीच्या गटात जाईल. बहुवर्ग अध्यापनाचे आपण ओझे मानतो, पण इथे तीच सोय होते, कारण मुले आधीच एका खोलीत असतात. गटांना फुलांची-फळांची नावे द्या, दर तीन-चार आठवड्यांनी नव्याने तपासून गट बदला, आणि कोणतेही मूल तिथेच चिकटून राहणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. टॅब या तासाला वरच्या दोन गटांकडे जातात, कारण त्यांना स्वतः वाचून पुढे जाता येते. अक्षर-शब्दांच्या गटाजवळ मात्र माणूसच लागतो, तिथे तुम्ही बसा. बहुतेक शाळांत मी याच्या उलट पाहिले आहे. मागे पडलेल्या मुलांना टॅब देऊन कोपऱ्यात बसवलेले असते आणि शिक्षक हुशार मुलांकडून स्पर्धा परीक्षेची तयारी करून घेत असतात.

मुलांची घरची भाषा कोणती आहे, हेही तपासा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सर्वांना ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव झाले. पण त्यांनी मुलांच्या मातृभाषेत पुस्तकांचे भाषांतर केले होते आणि त्या कोडमागे मुलांना समजेल अशी सामग्री ठेवली होती, हा भाग चर्चेत मागे पडतो. तुमच्याकडे पावरी, कोरकू, वारली किंवा लमाणी बोलणारी मुले असतील, तर गावातल्या आजीकडून त्या बोलीतल्या दहा गोष्टी फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. विकतचे कोणतेही ॲप तुम्हाला हे देणार नाही. डहाणू परिसरात बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिले, की आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मुले जिथे असतात तिथे पोहोचण्यासाठी आज आपल्या हातात फोन आहे.

हे मी ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या बाबतीत करून पाहिले. दिवाळीनंतर आमच्या पटातली आठ-दहा मुले आईवडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळे विसरून परतत. ज्यांची सोय आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात झाली नाही, त्यांच्यासाठी मी मुकादमाच्या फोनवर रोज संध्याकाळी तीन मिनिटांची गोष्ट माझ्या आवाजात पाठवू लागलो आणि शेवटी एक प्रश्न ठेवू लागलो. मुले उत्तर बोलून पाठवत. कोयता, मोळ्या, बैलगाडी यांच्यावरची उदाहरणे त्यांनीच तयार केली. सगळी मुले टिकली असे मी म्हणणार नाही, पण जी उत्तरे देत होती ती एप्रिलमध्ये परतल्यावर पुस्तक उघडायला घाबरली नाहीत.

वेळेचे म्हणाल तर एका वर्गाला दिवसात सर्व मिळून वीस मिनिटांपेक्षा जास्त पडदा मी देत नाही, आणि तोही सलग नाही. नेट आणि वीज यांच्या भरवशावर तास आखू नका. ‘दीक्षा’ या शासनाच्या शैक्षणिक ॲपवर पाठ्यपुस्तकातला कोड स्कॅन करून आशय घरीच उतरवून ठेवा आणि वीज गेली तर तोच तास पाटीवर कसा घेणार हे टाचणात लिहा. मुलांची ध्वनिमुद्रणे आणि चित्रणे ग्रुपवर टाकू नका, अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. अडखळणाऱ्या मुलाचा आवाज ही त्याची खासगी गोष्ट आहे. पालकसभेत हेतू समजावून लेखी संमती घ्या. छायाचित्रे मागितली गेली, तर पाट्या वर धरलेल्या मुलांचे पाठमोरे चित्र पाठवा, त्यातून काम अधिक दिसते.

आता ॲप. नेटशिवाय चालणारे, मराठीतले, जाहिराती नसलेले आणि मुलाचे नेमके काय चुकले ते शिक्षकाला दाखवणारे, या चार कसोट्यांना उतरेल तेवढेच ठेवा. केवळ चांदण्या, टाळ्या आणि गुण देणारी काढून टाका, ती मुलांना पुढे ढकलतात आणि तुम्हाला काहीच सांगत नाहीत. पाचवीला अपूर्णांकांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातली मराठीतली सिम्युलेशने (पडद्यावर स्वतः बदल करून पाहता येणारे प्रयोग) पाहा, ती फुकट आहेत आणि उतरवून घेता येतात. पण त्याआधी भाकरीचे चतकोर करून झालेले असू द्या. माझ्या टॅबवर आज तीनच ॲप आहेत आणि चौथा आहे तो ध्वनिमुद्रक. जूनमधले ध्वनिमुद्रण दिवाळीच्या सुट्टीआधी त्याच मुलाला एकट्याला ऐकवा, आणि ते काय म्हणते ते लिहून ठेवा. पुढच्या सत्राचे नियोजन मी त्या नोंदींवरूनच करतो.